सव्वीस वर्षं वापरलेलं नवं पिस्तूल

पिस्तूल घ्यायला अशी काय मोठी अक्कल लागते? खिशात पैसे घालायचे, दुकानात शिरायचं, बोट दाखवायचं आणि बाहेर पडायचं! टेक्सासात जन्म काढून ज्याला एवढंही जमत नाही, त्यानं सरळ गाशा गुंडाळावा आणि दुसऱ्या राज्यात जाऊन राहावं. एर्विन व्होत्रुबानं असं स्वतःलाच ठणकावून सांगितलं आणि गाडीला किल्ली लावली. वय वर्षं चौसष्ट, धंदा सुतारकामाचा, आणि गडी जन्मात पहिल्यांदा पिस्तूल घ्यायला निघाला होता.

पहिल्यांदा, ही गोष्ट मात्र लिपोवा गावात कुणाला म्हणजे कुणाला माहीत नव्हती!

लिपोवात चौसष्ट वर्षांच्या माणसाकडे पिस्तूल नसणं म्हणजे गवळ्याच्या घरात दूध नसणं. इथं बायकांच्या पर्समध्ये लिपस्टिकशेजारी पिस्तूल असतं. दातांच्या डॉक्टरकडे असतं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बर्निसबाई तर पिस्तुलावर बसूनच वाजवतात, कारण त्यांनी ते बैठकीखाली ठेवलंय. एर्विनच्या घरात दोन लांब बंदुका होत्या, नाही असं नाही. पण त्या हरणासाठी. त्यांची गणती कुदळ-फावड्यात. त्यांना कोण विचारतो? आणि गंमत अशी की साऱ्या गावात ज्याच्या कमरेचं पिस्तूल एक दिवसही सुटत नाही असा बोलबाला होता, तो माणूस म्हणजे हाच एर्विन.

त्याचं असं झालं. सव्वीस वर्षांपूर्वी चर्चच्या उन्हाळी जत्रेत त्याचा जिवलग दोस्त लेरॉय शिमेक यानं बियरच्या भरात त्याच्या कमरेला मिठी मारली. शर्टाखाली काहीतरी टणक लागलं. लेरॉय एक पाऊल मागं सरला, एर्विनकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यानं हळूच डोळा मारला.

ती होती मोजायची टेप! त्याच वेळी एर्विननं ती काढून दाखवली असती, तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण शेजारी त्याची बायको डेल्फीन उभी होती. कोंबडी आडवी आली तरी बाजूला होऊन वाट देणाऱ्या या मुखदुर्बळ सुताराकडे तिनं अशा काही नजरेनं पाहिलं, की लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नसेल. मग काय, एर्विननंही लेरॉयला उलट डोळा मारला. संपलं!

त्यानंतर कुणी विचारलंच नाही. विचारायची पद्धतच नाही तिथं! माणसाला जमिनीचा भाव विचारा, कोलेस्टेरॉल विचारा, बायकोच्या ऑपरेशनचं विचारा, तो बसवून घेऊन सांगेल. पण शर्टाखाली काय आहे ते विचारायचं नाही. शर्टाखालचं झाकलेलं बरं, आणि दाखवणारा तर छचोरच. या एका रिवाजाच्या जिवावर एर्विननं सव्वीस वर्षं काढली. एवढ्या काळात त्याच्या तीन टेपा झिजल्या. डेल्फीननं मागचं दार लावणं सोडलं. "आमचा एर्विन बोलत नाही," असं ती महिला मंडळात म्हणायची आणि पुढचं वाक्य मुद्दाम अर्धवट सोडायची. बायका माना डोलवायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशातली गत.

ती मूठ उघडायची वेळ आली जूनमध्ये. चर्चच्या एसीची तांब्याची नळी कुणीतरी चोरली! टेक्सासचा जून, बिनएसीचं चर्च, आणि वर प्रवचन पाऊण तासाचं. दोन बायका घेरी येऊन पडल्या. दुसऱ्याच दिवशी गावानं चर्चसाठी पाच जणांचं सुरक्षा पथक नेमायचं ठरवलं. चर्चचे फादर एमेका मूळचे नायजेरियाचे, गावात येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. त्यांनी भीत भीत विचारलं, "पण नळी तर गेली ना? मग हे पाच जण पिस्तुलं घेऊन राखणार काय?" त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"पथकाचा प्रमुख एर्विन!" लेरॉय ओरडला. "जो बोलत नाही, त्याचा नेम चुकत नाही!"

टाळ्या पडल्या. मग शेरीफचा डेप्युटी ट्रॅव्हिस म्लादेन्का उठला. हा एर्विनच्या हातच्या पाळण्यात वाढलेला पोरगा, आता सव्वासहा फूट. तो म्हणाला, "येत्या शनिवारी सकाळी अग्निशामक केंद्रामागच्या मैदानावर पाचही जणांनी यायचं. मी प्रत्येकाचं पिस्तूल बघणार, नेम बघणार. आणि मंडळी, आपलं रोजचं, हातातलं पिस्तूल आणा. उसनंपासनं चालणार नाही."

डेल्फीननं एर्विनचा हात अभिमानानं दाबला. एर्विननं मनाशी हिशोब मांडला. गाव हसेल त्याचं काही नाही, गाव दोन दिवस हसतं आणि तिसऱ्या दिवशी दुसरा गाठतं. पण डेल्फीनच्या नजरेतून उतरायचं? त्यापेक्षा चोरांनी नळीबरोबर त्यालाही नेलं असतं तर बरं, असं त्याला झालं.

गावातल्या दुकानात जायची सोय नव्हती. दुकानदार लेरॉयचा मेहुणा! म्हणून मंगळवारी सकाळी, प्लायवूड आणायला चाललोय असं सांगून एर्विन दोन तास गाडी हाकत शहरात गेला. परसातल्या पेकानच्या झाडाचे अक्रोडासारखे दाणे विकून जमवलेले तीनशे दहा डॉलर त्यानं मोज्यात लपवले होते.

काउंटरमागं केंड्रा नावाची पोरगी होती. नखं जांभळी आणि बोटापेक्षा लांब.

"काय दाखवू, काका?"

"पिस्तूल."

"ते कळलं. टरबुजं आम्ही ठेवतच नाही! बजेट किती?"

"तीनशे दहा. सगळं धरून."

"हं." केंड्रानं त्याला न्याहाळलं. "मग नीट ऐका. तेवढ्यात दोन जातीचा माल येतो. एक नवाकोरा, चकचकीत, हातात घेतला की वाटतं आपण सिनेमातच आहोत, आणि तिसऱ्या गोळीला अडकतो. दुसरा जुना, ध्यान दिसतो, पण तुमच्या नातवाच्या नातवालाही पुरून उरेल. बोला!"

"ध्यान दाखव."

"शहाणे आहात. लोक उलटं करतात."

"आणि पोरी, ते जुनंच दिसायला हवं. वापरलेलं. घासलेलं."

"किती जुनं?"

"सव्वीस वर्षं," एर्विन बोलून गेला.

केंड्राची नखं काचेवर टकटक वाजायची थांबली. "काका, कुणाचा खून-बिन तर नाही ना केलात?"

"छे गं!"

"विम्याची भानगड?"

"नाही, नाही!"

"मग बायको."

एर्विन छताकडे बघायला लागला.

"बायकोच!" केंड्रानं मान हलवली. "या दुकानातले निम्मे पुरुष बायकोला न सांगता घेतात आणि निम्मे बायकोनं सांगितलं म्हणून घेतात. तुम्ही मात्र घेतलेलंच होतं असं दाखवायला निघालात! असलं गिऱ्हाईक आजवर पाहिलं नव्हतं." ती आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेली एक सहाबारी, म्हणजे सहा गोळ्यांच्या फिरत्या चक्रीचं पिस्तूल, घेऊन आली. "हे बघा. पोलिसांनी टाकून दिलेलं. पोलिसांचं पिस्तूल म्हणजे कसं, कातडी म्यानात घासून घासून बाहेरून सोलवटलेलं आणि आतून जवळजवळ कोरं. वर्षातून दोनदा सरावाला काढतात. एरवी साहेब डोनट खात असतात आणि हे कमरेला बसून असतं. हिची चक्री फिरवा. खाचेत बसली की हलते का बघा."

एर्विननं हलवून पाहिलं. "नाही हलत."

"नळीत बॅटरी मारा. आत खड्डा, गंज काही दिसतं?"

"आरशासारखं आहे गं!"

"मग झालं. यात बिघडायला काही नाहीच, काका. दारू ओली नसेल तर गोळी सुटते. लग्नाचं असं सांगता येत नाही."

तिनं अर्ज भरून घेतला, सरकारी माणसाला फोन लावला, आणि एर्विन व्होत्रुबा यांच्यावर आजवर काही गुन्हा दाखल नाही असा निर्वाळा मिळवला. त्या वीस मिनिटांत एर्विनला एवढा घाम फुटला की जणू दहा-बारा गुन्हे नावावर आहेत! उरलेल्या आठ डॉलरांत केंड्रानं एक झिजलेलं कातडी म्यान आणि मूठभर गोळ्या दिल्या. पावती खिशात घालून एर्विन निघाला तो शीळ वाजवतच.

वाटेत एका ओसाड कुरणात त्यानं कुंपणाच्या खांबावर डबे मांडले आणि सहा गोळ्या झाडल्या. पाच डबे उडाले! मुठीवरची ती घासलेली जागा, तो उडालेला रंग, सगळं कसं सव्वीस वर्षांचं दिसत होतं. बजेटमध्ये बसलं, टिकाऊ निघालं, भरवशाचं निघालं. आता शनिवारला घाबरतो कोण?

शनिवारी सकाळी सारा गाव घडीच्या खुर्च्या घेऊन मैदानावर हजर! लेरॉयनं पहिली गोळी झाडली ती शेजारच्याच्या फळीवर. दुसऱ्याला पिस्तुलाचा खटका सापडेना. तिसऱ्याचं झगझगीत नवं पिस्तूल तिसऱ्या गोळीला अडकलं. चौथ्यानं आवाजानं डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. मग आला एर्विन. सहा गोळ्या, पाच मधोमध! डेल्फीन खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागली. एर्विनच्या छातीचं माप त्या क्षणी टेपेत मावलं नसतं.

"वा, एर्विनकाका!" ट्रॅव्हिसनं आदरानं पिस्तूल हातात घेतलं. चक्री उघडली, मिटली, नळी पाहिली. मग त्यानं ते उलटं केलं आणि मुठीच्या बुडाकडे बघत तो तसाच उभा राहिला.

एर्विननं ते बूड पाहिलंच नव्हतं. चाळिशी गाडीत विसरून तो दुकानात गेला होता, आणि नंतर पिस्तूल उलटं करून पाहायचं सुचलंच नव्हतं!

"काका," ट्रॅव्हिस अगदी हळू बोलला, "हे तुमचंच?"

"म्हणजे काय? माझंच!"

"दुसऱ्या कुणाकडून घेतलेलं नाही?"

एर्विनच्या कपाळावर घाम आला. पोरानं ओळखलं वाटतं! आता कच खाल्ली की मेलो. "मुळीच नाही! पहिल्यापासून माझंच! सव्वीस वर्षं याच कमरेला आहे!"

ट्रॅव्हिस ताठ उभा राहिला. दोन्ही टाचा जोडल्या. "माफ करा, सर."

"सर? कोण सर?"

लेरॉयनं पुढं होऊन ट्रॅव्हिसच्या हातातलं पिस्तूल वाकून पाहिलं आणि मैदानभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचलं, "पोर्ट एलेना पोलीस दल! नंबर चारशे बारा!"

पोर्ट एलेना म्हणजे तीनशे मैलांवरचं बंदर, तस्करीसाठी नावाजलेलं.

"एर्विन," लेरॉय म्हणाला, "तू... पोलीस? गुप्त पोलीस?"

"अरे नाही रे बाबा!"

"ऐकलंत?" लेरॉय लोकांकडे वळला. "नाही म्हणतोय! खरा गुप्त पोलीस कधी हो म्हणेल का?"

"म्हणूनच हा बोलत नाही!" कुणीतरी म्हणालं.

"म्हणूनच हा टेप घेऊन घराघरात शिरतो!" बर्निसबाई किंचाळल्या. "कपाटं करतो म्हणे! माझं अख्खं स्वयंपाकघर मोजून गेलाय हा! फळीफळी माहीत आहे याला!"

करायला गेला गणपती आणि झाला मारुती! एर्विननं डेल्फीनकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवायची थांबली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. एक शब्द न बोलता तिनं आपली खुर्ची मिटली आणि गाडीकडे चालायला लागली.

घरी गेल्यावरही ती बोलली नाही. रविवारी बोलली नाही. सोमवारी तिनं त्याच्यापुढं बटाटे ठेवले आणि "मीठ" एवढंच म्हणाली. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात डेल्फीन सलग चार मिनिटं गप्प बसल्याचं एर्विनला आठवत नव्हतं. तो हादरला. ज्या नजरेसाठी एवढा खटाटोप केला, ती नजर आता भिंतीवर, खिडकीवर, बटाट्यावर, कुठंही जायची, पण त्याच्यावर येत नव्हती. आपण फसवलं म्हणून ही आतून तुटली, असं त्याला वाटायचं.

"डेल्फीन, तू समजतेस तसं नाहीये गं."

"मला काही विचारायचं नाही, एर्विन," ती पाठमोरी म्हणायची. "तुझ्या कामाचं तुला."

गावाची तर वेगळीच तऱ्हा. लाकडी खुर्च्यांच्या त्या बियरच्या गुत्त्यात तीस वर्षं तो तारोकीचे पत्ते कुटायला जायचा. तो दारात दिसला की आता टेबलावरची नाणी खिशात गडप व्हायची आणि सगळे एकमेकांना हवापाणी विचारायला लागायचे. चोराच्या मनात चांदणं! आणि लिपोवात, आता कळलं, सगळ्यांच्याच मनात भरपूर चांदणं होतं.

मंगळवारी लेरॉय ओसरीवर आला. टोपी काढून हातात धरली. याआधी त्यानं टोपी फक्त आईच्या अंत्यविधीला काढली होती.

"एर्विन, तुला माहीतच आहे म्हणा," तो म्हणाला, "पण माझ्या तोंडून ऐकलेलं बरं. मी त्या साली परवान्यापेक्षा दोन हरणं जास्तीची मारली. आणि तारोकीत... बादशहाच्या कोपऱ्याला मी नखानं खूण करतो."

"काय? गाढवा! तरीच मी तीस वर्षं हरतोय!"

"बघ, माहीत होतं तुला!" लेरॉयच्या डोळ्यांत पाणी आलं. "माहीत असून हरत राहिलास! असा मित्र मिळायला भाग्य लागतं, बाबा!" आणि एर्विनच्या गळ्यात पडून तो रडला.

बुधवारी बर्निसबाई आल्या. "तुम्हाला माहीतच आहे म्हणा," त्यांनीही तिथूनच सुरुवात केली. डाव्या हाताचे सूर त्या बारा वर्षं वाजवतच नव्हत्या, नुसता हात फिरवत होत्या. गुरुवारी चक्क ट्रॅव्हिस आला, गणवेशात. "सर, तुम्हाला माहीतच आहे म्हणा. माझं वेग मोजायचं यंत्र दोन वर्षं बंद आहे. मी अंदाजानं दंड करतो." एर्विन प्रत्येकाला शपथेवर सांगायचा, की अहो, मी कुणी नाही, साधा सुतार आहे. त्यावर प्रत्येक जण त्याचा हात घट्ट दाबायचा आणि म्हणायचा, "समजलं, समजलं! आम्ही कुठं बोलणार नाही!"

शुक्रवारी सकाळी त्यानं दार उघडलं तर ओसरीवर चर्चच्या एसीची तांब्याची नळी! नीट वेटोळं करून, वर सुतळीनं बांधलेली, सोबत चिठ्ठी: "चूक झाली. तुम्हाला माहीतच आहे कुणाची." एर्विनला अर्थातच काडीचंही माहीत नव्हतं. पण तासाभरात गावभर झालं, की व्होत्रुबासाहेबांनी एक शब्द न बोलता चोर धरला! आता तर ब्रह्मदेव आला असता तरी लोकांनी सत्य मानलं नसतं.

शनिवारी संध्याकाळी फादर एमेका आले. ओसरीवर तीन जण आपापली पापं घेऊन बसले होते. फादरनी त्यांना घरी पाठवलं आणि कपाळावर हात मारला.

"एर्विन, शनिवारी पापं सांगायला माझ्याकडे रांग असते. आज दोन तास मी त्या कबुलीच्या खोक्यात एकटा बसलो. एक म्हातारी आली, ती पंखा लावा म्हणून सांगायला! आणि इथं बघतो तर ही गर्दी. निदान प्रायश्चित्त तरी सांगता का यांना?"

एर्विनला राहवेना. त्यानं टेपेपासून केंड्रापर्यंत सगळं भडाभडा सांगून टाकलं, पावती काढून दाखवली. फादर आधी गंभीर होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते कठड्याला धरून एवढे हसले की चष्मा खाली पडला.

"मी कुणाला सांगू शकत नाही, हा तुमचा कबुलीजबाब धरतो," ते डोळे पुसत म्हणाले. "आणि गावाचं जाऊ द्या. गावाला खरं नकोच असतं. पण डेल्फीनबाईंना सांगा. उद्याच. हे तुमचं प्रायश्चित्त."

रविवारी एसीच्या गार हवेत प्रार्थना झाली. घरी आल्यावर एर्विननं बुटांच्या नाड्याही सोडल्या नाहीत. मुठीत पावती धरून तो स्वयंपाकघरात शिरला. डेल्फीन टेबलाशी बसली होती. पुढं चहा गार झालेला, हातात रुमाल, पिळून पिळून त्याची दोरी झालेली.

"डेल्फीन, मला तुला काही सांगायचंय."

"नाही. आधी मी." तिनं वर पाहिलं. आठ दिवसांनी पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे पाहिलं होतं. डोळे सुजलेले होते. "एर्विन, तुला माहीतच आहे म्हणा..."

एर्विन मटकन खुर्चीत बसला. तीसुद्धा?

"जत्रेतले माझे कोलाचे," डेल्फीन म्हणाली.

लिपोवाच्या जत्रेत कोलाचेंची स्पर्धा असते. मधोमध जर्दाळूचा मुरांबा भरलेले ते मऊ गोल पाव ज्या बाईचे पहिले येतात, तिला निळी फीत मिळते, आणि फीत मिळालेल्या बाईपुढं शेरीफची बायकोसुद्धा खुर्ची सोडून उठते. डेल्फीनला ती फीत एकोणीस वेळा मिळाली होती. दिवाणखान्याच्या भिंतीवर एकोणीस फिती ओळीनं लावलेल्या, प्रत्येक फितीला एर्विननं स्वतः रंधून केलेली चौकट.

"ते माझे नाहीत," ती म्हणाली. "एकही नाही. माझं पीठ कधी फुगलंच नाही रे! पहिल्या वर्षी जत्रेच्या सकाळी सगळा घाणा दगड झाला. मी रडत गाडी काढली, एल्म स्प्रिंगच्या कोपेत्स्कींच्या बेकरीतून दोन डझन घेतले, आईच्या परातीत मांडले आणि वर फडकं टाकलं. म्हटलं, यंदा लाज राखू, पुढच्या वर्षी आपले करू. आणि मेली पहिली फीत मिळाली! आता मागं कशी फिरू? दरवर्षी तेच. एकोणीस वर्षं, एर्विन!"

एर्विननं दारातून दिवाणखान्याच्या भिंतीकडे पाहिलं.

"आठवडाभर मी तुझ्याशी बोलले नाही ते रागानं नाही. लाजेनं! मैदानावर लेरॉयनं ते वाचलं आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. हा पोलीस! याला गावातली फळीफळी ठाऊक, मग याला माझे कोलाचे ठाऊक नसतील? आणि तरी हा दरवर्षी चौकट करत होता. भिंतीवर खिळा ठोकताना 'सरळ आहे का गं' विचारत होता. एका शब्दानं मला कधी टोचलं नाही." तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "माहीत असून एवढं पोटात घालणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. सांग ना, माहीत होतं ना तुला?"

तिच्या हातात त्याचा उजवा हात होता. डाव्या मुठीत पावती. खरं सांगितलं तर एका झटक्यात पिस्तूलही खोटं, पोलीसही खोटा, आणि ही जी माफी तिला आठ दिवसांच्या उपासानंतर मिळाली होती, तीही खोटी. उरला असता तो फक्त एक सुतार, ज्याला एकोणीस वर्षं स्वतःच्या टेबलावरचा पाव ओळखता आला नाही. आणि डेल्फीन त्याच्याकडे बघत होती. त्या बघण्यासाठी त्यानं मोज्यात पैसे घालून आणखी दहा पिस्तुलं आणली असती!

एर्विननं डावा हात हळूच खिशात घातला आणि रिकामा बाहेर काढला.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"पहिल्या वर्षापासून?"

"पहिल्या वर्षापासून."

डेल्फीन हमसून हमसून रडली, मग हसली, मग उठून तिनं त्याच्या टकलावर ओठ टेकले. "कुणी सांगितलं रे तुला? कोपेत्स्कीणबाईनं?"

"ते सांगता येत नाही, डेल्फीन," एर्विन गंभीरपणे म्हणाला. "तसा नियमच आहे."

ती समाधानानं चहा गरम करायला उठली आणि लगेच बडबडायलाही लागली. एर्विन मात्र टेबलावरच्या नक्षीकडे बघत बसला. लाकूड आणायला जाताना दर महिन्याला तो एल्म स्प्रिंगला थांबायचा. कोपेत्स्कीणबाईंच्या काउंटरवर कोपर टेकून दोन जर्दाळूवाले कोलाचे खायचा, बोटं चाटायचा आणि जाता जाता म्हातारीला तोंडावर सांगायचा, "वाईट नाहीत, बाई. पण आमच्या डेल्फीनच्या हाताची सर नाही!"

आणि म्हातारी एकोणीस वर्षं, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, एक कोलाचे फुकट बांधून देत म्हणायची, "खरं आहे, बाबा. तिची सर आम्हाला कुठून येणार!"

गाव म्हणतं, व्होत्रुबासाहेबांच्या नजरेतून काही सुटत नाही.